खराटा आणि कस्तूर

मावशींच्या परसात झाडावरचं पानसुद्धा खाली पडताना दोनदा विचार करायचं. पडलं की उचललं गेलंच म्हणून समजा. सकाळी चहाच्या आधी आणि संध्याकाळी अंधार पडायच्या आधी मावशी खराटा घेऊन बाहेर यायच्या, आणि मागच्या दारापासून कुंपणाच्या झुडपांपर्यंत जमीन अशी खरवडून काढायच्या की मातीलाही वाटावं, आपलं काहीतरी चुकलं. शेजारचे म्हणायचे, यांच्या परसात ताट न घेता जेवायला बसावं. मावशींना ही स्तुती वाटायची, आणि थोडीफार ती होतीही.

त्या कोणाच्या सख्ख्या मावशी नव्हत्या. इस्पितळाच्या हाडांच्या वॉर्डात त्यांनी उभा जन्म फरशा पुसल्या, चादरी बदलल्या, बेडपॅन धुतले आणि प्लास्टरातल्या माणसांना उठवलं-बसवलं. तिथं कण्हणाऱ्या रोग्यापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळेच त्यांना मावशी म्हणत. मोठे डॉक्टर राउंडला आले की दारात थांबून आधी बूट पुसायचे, कारण ओल्या फरशीवर पाय उमटला तर मावशी पदवी बघत नसत. निवृत्त झाल्यावर वॉर्ड सुटला, खोड सुटली नाही. जित्याची खोड म्हणतात ती हीच. फिनेलची बाटली त्यांनी घरी आणली आणि हाडांचा वॉर्ड परसात भरवला.

यजमान बस चालवायचे. डेपोत त्यांना सगळे रेडिओ म्हणायचे. सुरू झाले की बंद करायचं बटण नाही. पुढच्या सायकलवाल्याशी बोलत, सिग्नलशी बोलत, गिअर अडला तर गिअरची समजूत काढत ते दिवसभर बस हाकायचे, आणि सांगायचं काही उरलंच तर ते घरी येऊन मावशींना सांगायचे. मावशी भाजी चिरता चिरता म्हणायच्या, अहो, मधे श्वास तरी घ्या.

दोघांनी एकमेकांना कधी नावानं हाक मारली नाही. सगळा संसार 'अहो' आणि 'अगं' या दोन शब्दांवर चालला. त्यातही रेडिओंचं 'अगं' हे एक प्रकरण होतं. चष्मा सापडत नसला की ते लांबायचं. भूक लागली की आखूड व्हायचं. आणि काही गंमत सांगायची असली, कोणाची फिरकी घ्यायची असली, की शेवटी जरा वर चढायचं. मावशी आतल्या खोलीतून नुसत्या अगंवरून ओळखायच्या की चहा ठेवायचा, चष्मा शोधायचा की हसायची तयारी करायची.

मग एका सकाळी दाढी करताना रेडिओंच्या हातातून वस्तरा गळून पडला. डॉक्टर म्हणाले, पक्षाघात. उजवा पाय आणि उजवा हात पुढं हळूहळू थोडेफार परत आले, पण वाचा काही आली नाही. कळत सगळं होतं. बातम्या लागल्या की भुवया चढायच्या, मीठ कमी पडलं की मान हलायची. पण शब्द काढायला गेले की नुसता 'ब… ब…' एवढाच आवाज, थंडीत सुरू न होणाऱ्या इंजिनासारखा. दोन-तीनदा प्रयत्न करून ते तोंड मिटून घ्यायचे आणि डोळे दुसरीकडे वळवायचे.

मावशींनी वॉर्डात किती बायकांना सांगितलं असेल, धीर धरा, होईल सगळं. दुसऱ्याच्या माणसासाठी धीर देणं सोपं असतं. आता स्वतःच्या घरात इतकी शांतता पसरली होती की नळ गळतोय हे त्यांना पहिल्यांदाच ऐकू आलं. त्यांना रेडिओंची भाषणं परत नको होती. एक 'अगं' हवं होतं. चष्म्याचं, भुकेचं, कसलंही चाललं असतं.

इस्पितळातून एक तरुण बाई रेडिओंना बोलायला शिकवायला यायची. मावशींनी तिचं नाव ठेवलं वाचाबाई. ती पेला, दार, मांजर अशी चित्रं दाखवायची, आणि रेडिओ त्या मांजराकडे विनातिकीट प्रवाशाकडे बघावं तसे बघायचे. एक दिवस वाचाबाईनं मावशींना स्वयंपाकघरात गाठलं. म्हणाली, मावशी, त्यांनी तोंड उघडायच्या आत तुम्ही पाणी पुढं करता. मग शब्द यायचा कशाला? थोडं थांबत जा. आणि चित्रांनी काही होईल असं दिसत नाही. त्यांना स्वतःहून कुणाला तरी सांगावंसं वाटेल असं काहीतरी शोधा.

आता घरात बसलेल्या माणसाला सांगावंसं वाटेल असं काय घडणार? मावशींनी त्यांची खुर्ची मागच्या खिडकीपाशी नेऊन ठेवली, एवढंच. तिथून स्वच्छ, सपाट, रिकामं परस दिसायचं. बघण्यासारखं त्यात काही नव्हतं, मावशींनी ठेवलंच नव्हतं.

थंडी सरत आली होती. अशाच एका पहाटे मागच्या भिंतीवर एक काळा पक्षी येऊन बसला आणि गायला लागला. ओरडला नाही, गायला. सावकाश, भरल्या गळ्यानं, मधेच थांबून, मागचं आठवून पुढचं जोडावं तसा. मावशी चहाचा कप घेऊन आत आल्या तर रेडिओ खुर्चीत ताठ बसले होते. डावा हात खिडकीच्या चौकटीवर ताल धरत होता. पक्षी उडून गेल्यावरही ते भिंतीकडे बघत राहिले, आणि मग मावशींकडे वळून त्यांनी बोट दाखवलं. "ब… ब…" आजारपणानंतर त्यांनी पहिल्यांदाच आपण होऊन काही सांगायला तोंड उघडलं होतं. 

त्या दिवसापासून मावशींनी कंबर कसली. पक्षी परत आणायचा, रोज आणायचा. पण पक्षी कुठला? समोरची शिंपीण म्हणाली, कावळ्याचं पिल्लू असेल. दूधवाला म्हणाला, कोकीळ, दुसरं काय. शेवटी नाइलाजानं मावशी पलीकडच्या घरी गेल्या. तिथं एक चष्म्याचे दुकानदार राहायचे. त्यांना गल्लीत सगळे चष्मेवाले म्हणत. ते दर रविवारी गच्चीत दुर्बीण लावून बसायचे, आणि ती दुर्बीण पक्ष्यांसाठी आहे यावर मावशींनी आजवर कधीच विश्वास ठेवला नव्हता. त्या गच्चीच्या बाजूला त्या टॉवेल वाळत घालायच्या, पण दुसरं काही नाही.

चष्मेवाल्यांनी विचारलं, चोच कसली होती? मावशी म्हणाल्या, पिवळी, गाजराकडे झुकणारी. डोळ्याभोवती? तसलंच कडं, तुम्ही विकता तसल्या फ्रेमसारखं. जमिनीवर कसा चालतो? मावशी म्हणाल्या, चालत नाही, तुरुतुरु पळतो, एकदम थांबतो आणि मान वाकडी करून बघतो, काहीतरी हरवल्यासारखा. चष्मेवाले खूश झाले. म्हणाले, कस्तूर आहे तो. कावळा त्याच्या दुप्पट, कोकीळ झाडावरून खाली उतरायचा नाही, आणि अशी चोच दोघांनाही नाही. मान वाकडी करतो ना, तेव्हा गांडूळ शोधत असतो.

मावशी घरी आल्या आणि कपडे वाळत घालायच्या दोरीला त्यांनी एक ताटली टांगली. तीत दाणे ठेवले. चिमण्या आल्या, खाऊन गेल्या. कस्तूर भिंतीवरून बघायचा आणि निघून जायचा. पुन्हा चष्मेवाल्यांकडे फेरी झाली. ते म्हणाले, टांगलेलं त्याला चालत नाही, तो जमिनीवरचा जीव. अर्धं कापलेलं सफरचंद ठेवा, मनुका भिजवून टाका, पसरट भांड्यात पाणी ठेवा. पण मावशी, खरं सांगू का? तुमच्या परसात त्याला काम नाही. पालापाचोळा उलटायचा, खालचे किडे वेचायचे, हा त्याचा धंदा. तुम्ही त्याचं दुकानच रोज झाडून नेता.

मावशी घरी आल्या. जन्मभर कचरा काढला, आता काय घालायचा? अति तिथं माती असं दुसऱ्यांना सांगताना त्यांना कधी वाटलं नव्हतं की एखाद्याच्या घरी मातीसुद्धा उरणार नाही.

दुसऱ्या दिवशी गल्लीनं एक नवल पाहिलं. मावशी चष्मेवाल्यांच्या बागेतून सुक्या पानांचं पोतं पाठीवर घेऊन स्वतःच्या घरी चालल्या होत्या. शिंपिणीनं मशीन थांबवून विचारलं, मावशी, उलट्या दिशेनं? मावशी म्हणाल्या, तू तुझ्या बाह्या जोड. परसात त्यांनी तो पाचोळा ओतला, पण स्वभाव कुठं जातो. खराट्यानं त्याच्या चारी बाजू अशा सरळ केल्या की रुग्णशय्येवरची चादर वाटावी. कस्तूर दुपारीच आला. एकेक पान चोचीत धरून त्यानं डावीकडे, उजवीकडे, मागं असं भिरकावून दिलं, आणि त्या चादरीची अर्ध्या तासात गोधडी करून टाकली. मावशी खिडकीत हात चोळत उभ्या होत्या. शेजारी रेडिओ हसत होते. आवाज न करता, पण खांदे हलवून हसत होते. मावशींनी खराटा दारामागं ठेवला आणि पदरानं डोळे पुसले.

इथवर सगळं छान चाललं होतं. बिघडलं ते आयत्या बिळावरच्या नागोबामुळं, निदान मावशींच्या मते. कस्तुरापाठोपाठ आणखी एक पक्षी यायला लागला होता. मातकट, तपकिरी, छातीवर पुसट ठिपके, चोचसुद्धा मळकी. पुसायचं फडकं बरं दिसावं. मावशींनी त्याला तपकिरी असं नाव दिलं. ही तपकिरी सरळ सफरचंदावर यायची. मनुका कस्तुरासाठी भिजवलेल्या, खायची ही. मावशींना असला फुकटेपणा वॉर्डातही खपत नसे. रोग्याच्या वाट्याचं दूध पिणाऱ्या नातेवाइकाला त्यांनी जिन्यापर्यंत पोचवलं होतं. त्या टॉवेल झटकत बाहेर धावायच्या आणि तपकिरीला भिंतीपलीकडे घालवायच्या.

त्यांनी टॉवेल झटकला की आतून रेडिओ काचेवर मूठ आपटायचे. "ब… ब… ब…" मावशींना वाटायचं, शाबासकी देतायत. यजमानांना राग आलाय त्या फुकटीचा, म्हणून चेव येऊन त्या आणखी लांबपर्यंत धावायच्या. परत आत यायच्या तर रेडिओ लालबुंद होऊन बसलेले. मावशी म्हणायच्या, अहो, एवढं मनाला लावून घेऊ नका, घालवली मी तिला.

काही दिवसांनी कस्तूरही येईनासा झाला. सफरचंद काळं पडलं. रेडिओंनी हातानं खुणावून खुर्ची खिडकीपासून फिरवून घेतली आणि भिंतीकडे तोंड करून बसले. वाचाबाई आली, तिनं मांजर दाखवलं, त्यांनी डोळे मिटले. जाताना दारात ती मावशींना म्हणाली, मधे किती छान चाललं होतं, असं अचानक काय झालं? त्या रोज ताजं सफरचंद कापून ठेवत राहिल्या. खिडकीत कुणी बसत नव्हतं तरी.

मग एक दिवस परसाच्या भिंतीवर काळी आकृती दिसली. मावशींनी धावत जाऊन खुर्ची फिरवली. कस्तूर बसला होता, गात नव्हता, खालीही उतरत नव्हता. उतरली ती तपकिरी. झुडपातून निघाली आणि थेट मनुकांवर. एवढ्या दिवसांनी बिचारा आलाय, आणि ही पुन्हा हजर. मावशींचं डोकं फिरलं. या वेळी टॉवेल नाही, त्यांनी दारामागचा खराटाच उचलला आणि उगारून बाहेर पडल्या.

मागं खिडकीचं दार धाडकन उघडलं. "ब… बा…" आणि मग फाटक्या आवाजात, पण अख्खा, स्पष्ट: "बायको."

मावशी होत्या तिथं थिजल्या. खराटा हातात तसाच. त्या वळल्या. "अहो, मी इथंच आहे. ही काय तुमच्यासमोर."

रेडिओंनी जोरात मान हलवली. नाही. डावा हात खिडकीबाहेर काढून त्यांनी बोट रोखलं. मावशींवर नाही, त्यांच्या बाजूनं पलीकडे, सफरचंदापाशी दबून बसलेल्या तपकिरीवर. मग ते बोट भिंतीवरच्या काळ्याकडे गेलं. कपाळावरची शीर ताठ झाली. "त्याची," ते म्हणाले. "बायको."

मावशींनी तपकिरीकडे पाहिलं. कस्तुराकडे पाहिलं. कस्तूर भिंतीवरून उतरला, तिच्याजवळ आला, आणि दोघं शेजारी शेजारी पानं उलटायला लागली, रोजच्या कामाला लागलेल्या नवरा-बायकोसारखी, एकमेकांकडे न बघता. मावशींनी खराटा हळूच खाली टाकला आणि त्या पायरीवर बसल्या. किती दिवस त्या एका बाईला तिच्याच नवऱ्याच्या ताटावरून उठवत होत्या. आणि आत बसलेला माणूस दिवसभर दुसरं काही न बघता हे बघत होता, आणि ओरडून सांगायला त्याच्याकडे शब्द नव्हता. त्या रडल्या. मग हसल्या. मग दोन्ही एकदम झालं.

चष्मेवाल्यांना त्यांनी जाब विचारला. ते म्हणाले, मला वाटलं मादी तपकिरी असते हे तुम्हाला ठाऊक असेल. मावशी म्हणाल्या, ठाऊक असतं तर मी तुमच्याकडे आले असते का? पण रागात दम नव्हता. उलट जाताना त्या थबकल्या आणि म्हणाल्या, तुमचे उपकार झाले हो, तुमचे आणि तुमच्या पाचोळ्याचे. दुर्बिणीबद्दल मनात काय होतं ते मात्र त्यांनी मनातच ठेवलं.

ही गोष्ट त्यांनी मग गल्लीभर, इस्पितळभर, डेपोभर सांगितली. सांगायची पद्धत ठरलेली. आधी कपाळावर हात मारायचा, मग म्हणायचं, "एवढे महिने मी वाट बघितली, आणि तोंड उघडलं ते कुणासाठी? दुसऱ्याच्या बायकोसाठी." हाडांच्या वॉर्डात त्यावर एवढा हशा पिकला की एकाचं प्लास्टर दुखलं. पक्षाघाताला पक्ष्याचाच उतारा, असंही त्या म्हणून पाहायच्या. वाचाबाई सांगायची, मावशी, असं काही नसतं, सरावानं आणि वेळेनं येतं. मावशी मान डोलवायच्या, आणि घरी येऊन तपकिरीसाठी मूठभर मनुका जास्त भिजवायच्या. त्यांना तिच्याबद्दल काय वाटत होतं ते साधं होतं. त्या तिच्या ऋणी होत्या, आणि पक्ष्याची माफी कशी मागतात हे माहीत नसल्यामुळं भिजवलेल्या मनुका टाकत होत्या.

त्यानंतर शब्द आले, एकेक करून. 'नको' आलं आणि ठाण मांडून बसलं. 'पाणी' आलं, 'मीठ' आलं, 'बस' आलं आणि त्याबरोबर रेडिओंच्या डोळ्यांत पाणीही आलं. मावशी आता थांबायला शिकल्या होत्या. पेला हातात धरून उभ्या राहायच्या, तो शब्द येईपर्यंत. मात्र ज्या शब्दासाठी कान लावून बसल्या होत्या तो काही येत नव्हता. हाक मारायची असली की रेडिओ टाळी वाजवायचे किंवा काठी आपटायचे. मावशींनी वाचाबाईला एकदा आडून आडून विचारलं. ती म्हणाली, मागितला म्हणून येणारा शब्द नाही तो. मावशींनी परत विचारलं नाही. जे मिळालंय तेच पदरात मावत नाही, असं स्वतःला सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं.

कुंपणाच्या झुडपात तपकिरीनं घरटं बांधलं. काड्या, गवत, आतून चिखलाचं लिंपण. मावशींनी लांबूनच पाहिलं आणि म्हणाल्या, बाई कामाची आहे, गिलावा बघा. खराटा त्या बाजूला फिरकेनासा झाला. कस्तूर सकाळ-संध्याकाळ भिंतीवर बसून गायचा आणि रेडिओ काठीच्या आधारानं मागच्या पायरीपर्यंत येऊन बसायचे.

एका सकाळी मावशी पाण्याचं भांडं धुवायला बाहेर गेल्या, तर पाचोळ्यात एक पिल्लू. फुगलेलं, ठिपक्याठिपक्यांचं, शेपटी म्हणायला नुसती बोटभर. उडता येत नव्हतं. पडलं वाटतं घरट्यातून. मावशींच्या अंगात तीस वर्षांचा वॉर्ड जागा झाला. खाली पडलेल्याला आधी उचलायचं, उबेत गुंडाळायचं. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल पसरला आणि वाकल्या.

"अगं."

हात हवेतच राहिला.

"अगं, राहू दे."

झुडपातून तपकिरी चोच भरून उतरली आणि पिल्लाच्या उघड्या तोंडात तिनं गांडूळ कोंबलं. पिल्लू पडलं नव्हतं. उडायच्या आधी ही पिल्लं अशीच खाली उतरतात, आणि आईबाप जमिनीवरच भरवतात. पायरीवर बसलेल्या माणसानं हेही बघून ठेवलं होतं. मावशींना त्यातलं त्या क्षणी काही कळलं नाही. त्या टॉवेल धरून वाकलेल्या होत्या, पायरीकडे पाठ, आणि डोळ्यांतलं पाणी पाचोळ्यावर टपटपत होतं. ते 'अगं' थोडं खरखरीत आलं होतं. चष्म्याचं नव्हतं, भुकेचंही नव्हतं. पण अगं होतं, आणि त्यांच्यासाठी होतं.

त्या वळल्या नाहीत. आवाज जमेल तेवढा रोजचा करून म्हणाल्या, "काय म्हणालात? ऐकू नाही आलं."

मागं काठी सरकली. दम घेतल्याचा आवाज आला. "अगं."

"भांड्याचा आवाज होतोय हो," मावशी म्हणाल्या. भांडं त्यांनी केव्हाच खाली ठेवलं होतं.

पिल्लू तुरुतुरु झुडपाकडे निघालं, तपकिरी त्याच्या मागं. मग पुन्हा एकदा हाक आली, सावकाश, आणि शेवटी जराशी वर चढलेली.